पंधरा वर्षांपूर्वीचं बाळंतपण : खानापूर तालुक्यातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातलं, पश्चिमेकडचं, जांबोटीच्या पलीकडल्या डोंगरपट्ट्यातलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत; आजाराचा आणि निर्णयांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे. ज्यांची ही हकिकत आहे त्यांनी आणि त्यांच्या मालकांनी ती सांगायला परवानगी दिली. आमच्या पथकातल्या सिस्टर त्यांना पहिल्या भेटीपासून ‘अक्का’ म्हणत आल्या, म्हणून इथेही अक्काच.

बेळगाव आणि खानापूर तालुक्यांत थायरॉईडच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांची आम्ही पाहणी करत होतो. गोळी चालू आहे, रिपोर्ट ‘नॉर्मल’ आहे, तरी विसरायला होतं, डोकं जड राहतं, कशातच मन लागत नाही, असं सांगणाऱ्या बायका बाह्यरुग्ण विभागात रोज भेटतात. त्यांच्या तक्रारींचा हार्मोन्सशी किती संबंध आहे आणि इतर गोष्टींशी किती, हे आम्हाला बघायचं होतं. हा प्रश्न जुना आहे. रिचर्ड अॅशर यांनी १९४९ साली थायरॉईड मंदावल्यामुळे वेडसर झालेल्या चौदा रुग्णांचं वर्णन केलं, तेव्हापासून डॉक्टरांना ठाऊक आहे की मानेतली एक ग्रंथी माणसाचं मन बदलू शकते. ब्रूस मॅकइवन यांनी १९६८ मध्ये उंदरांवर दाखवून दिलं की अॅड्रिनल या मूत्रपिंडावरच्या ग्रंथीचं स्टिरॉईड हार्मोन मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागात, म्हणजे आठवणी घडतात तिथेच, जाऊन बसतं. हार्मोन्स आणि मेंदू ही दोन वेगळी खाती नाहीत. आपल्याकडे दवाखान्यांच्या पाट्या मात्र वेगवेगळ्या असतात आणि रुग्ण एका पाटीकडून दुसऱ्या पाटीकडे फिरत राहतो.

अक्कांच्या फाईलमध्ये अशा चार पाट्यांचे कागद होते. वय ४१. सात वर्षांपूर्वी थकव्यासाठी तपासणी झाली तेव्हा टीएसएच (थायरॉईडसाठी नेहमी करतात ती रक्ततपासणी) ६.२, म्हणजे किंचित वाढलेलं. ७५ मायक्रोग्रॅमची थायरॉक्सिन गोळी सुरू झाली. पुढच्या तपासणीत टीएसएच ०.२ वर आलं. डोस जास्त झाला असं समजून गोळी २५ वर आणली गेली, ती तशीच राहिली. दुसऱ्या दवाखान्यात ‘लवकर पाळी गेली’ अशी नोंद. तिसऱ्या ठिकाणी नैराश्याचं निदान आणि एस्सिटालोप्रॅमची गोळी. चौथ्या ठिकाणी दोनदा सलाईन, कारण चक्कर आली आणि ‘मीठ कमी झालं होतं’. यातला प्रत्येक कागद आपापल्या जागी पटण्यासारखा होता. चौघांनी आपल्यासमोरचं लक्षण पाहिलं आणि त्यावर औषध दिलं. चारही कागद एका टेबलावर शेजारी ठेवून मात्र कुणी पाहिले नव्हते, कारण तशी वेळच कधी आली नव्हती.

अडचण कुठे दिसली

पाहणीत आम्ही टीएसएचसोबत फ्री टी४, म्हणजे रक्तातलं खुद्द थायरॉईडचं हार्मोन, सुद्धा तपासत होतो. बहुतेक ठिकाणी पैसे वाचवण्यासाठी फक्त टीएसएच पाहतात, आणि थायरॉईड ग्रंथीचाच आजार असेल तर ते पुरतंही. टीएसएच हा मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीने थायरॉईडला दिलेला हुकूम असतो. थायरॉईड कमी पडली की पिट्यूटरी हुकूम वाढवते, आकडा चढतो आणि आजार कळतो. पण हुकूम देणारी पिट्यूटरीच निकामी असेल, तर टीएसएच ‘नॉर्मल’ दिसतं किंवा कमी होतं आणि थायरॉईड बसून राहते. काही रुग्णांत ते किंचित वाढलेलंही दिसतं, कारण मोडकी पिट्यूटरी जे टीएसएच सोडते ते मोजणीत येतं पण कामाला येत नाही. अक्कांच्या सात वर्षांपूर्वीच्या ६.२ या आकड्याचा अर्थ असा लागतो.

आमच्या तपासणीत त्यांचं टीएसएच १.९ आलं आणि फ्री टी४ ०.४५. आमच्या प्रयोगशाळेत फ्री टी४ ची खालची मर्यादा ०.८ होती. आमच्या आराखड्यानुसार थायरॉईड ग्रंथीचाच आजार असलेल्या स्त्रिया पाहणीत घ्यायच्या होत्या. हा जोड त्यात बसत नव्हता, म्हणून नोंदवहीत त्यांच्या नावापुढे ‘वगळा’ असा शेरा पडला. शास्त्राच्या दृष्टीने तो शेरा बरोबर होता. त्यांची आकडेवारी इतरांत मिसळली असती तर निष्कर्ष बिघडले असते.

त्याच पानावर दहा शब्दांच्या आठवणीच्या चाचणीचा निकाल होता. दहा शब्द मराठीत वाचून दाखवायचे, थोड्या वेळाने विचारायचे. अक्कांना तीन आठवले होते. सिस्टरने बाजूला पेन्सिलने लिहिलं होतं: ‘बोलताना मध्येच थांबतात. आवाज घोगरा. खूप पांढऱ्या दिसतात. उन्हातही स्वेटर.’ छापील तक्त्यात अशा निरीक्षणांना जागा नव्हती. पुढचं सगळं त्या पेन्सिलच्या ओळीमुळे घडलं.

पहिला निर्णय : वगळून सोडायचं की मागे जायचं

आढावा बैठकीत तीन मतं पडली.

पहिलं मत : रक्ताचा नमुना बिघडला असेल, पुन्हा घ्यावा. हे शक्य होतंच. डोंगरातून नमुने बर्फाच्या डब्यात बेळगावला यायला अर्धा दिवस जायचा. दुसरं मत : आपण संशोधक आहोत, उपचार करणारे नाही, नियमाप्रमाणे रिपोर्टची प्रत घरी पोचली आहे, सोबत ‘आपल्या डॉक्टरांना दाखवा’ असं पत्र आहे, आपलं काम झालं. तिसरं मत सिस्टरचं आणि माझं होतं : आधी अक्कांशी बोलावं, मग ठरवावं.

दुसऱ्या मतामागे आळस नव्हता, खरी काळजी होती. संशोधकांनीच उपचार सुरू केले की गावात लोकांना वाटतं पाहणीत नाव दिलं तर औषध मिळतं, आणि मग संमतीला अर्थ राहत नाही. पण आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक सूचना संशोधनाबाहेरच्या पूरक उपचारांचाही विचार करायला सांगतात. माझ्या मते इथे प्रश्न आणखी साधा होता. रक्त आम्ही काढलं, आकडा आम्हाला दिसला, आणि त्या आकड्याचा अर्थ लावू शकणारे लोक त्या साखळीत आम्हीच होतो. पत्र पाठवून अर्थ पोचत नाही. आराखड्यात न बसणारा माणूस आकडेवारीतून जातो; जबाबदारीतून तो आपोआप जात नाही. संशोधनाच्या नैतिक समितीला कळवून मागे जायचं ठरलं.

मालकांना फोन केला. बाळंतपण कसं झालं होतं, असं विचारलं. ते म्हणाले, “नॉर्मल झालंतं डॉक्टर, घरातच. काय कापायबिपाय लागलं न्हाई.” आपल्या भागात ऑपरेशन झालं नाही की बाळंतपण नॉर्मल ठरतं. फोनवर, पुरुषाला, एवढाच प्रश्न विचारून थांबलो असतो तर उत्तर ‘काही विशेष नाही’ असं लिहिलं गेलं असतं. म्हणून सिस्टर स्वतः गेल्या, अक्कांना एकटं गाठलं आणि प्रश्न बदलून विचारले. किती कापडं भिजली? बेशुद्ध पडलात का? अंगावर दूध आलं का? पाळी परत कधी आली?

अक्कांनी सांगितलं ते सिस्टरने तसंच लिहून आणलं. पावसाचे दिवस, ओढ्याला पाणी, गाडी येईना. वार पडायला उशीर झाला. “पोतं भिजलं बघा खालचं. मग मला काय कळालंच न्हाई दोन दिस.” दूध आलंच नाही, पोराला शेळीचं दूध घातलं, आणि ‘आईच्या अंगाला दूध न्हाई’ म्हणून सासूचे बोल खाल्ले. पाळी त्यानंतर कधीच आली नाही. काखेतले केस गेले. “तवापास्नं थंडी निघंना अंगातली.”

पंधरा वर्षं हे सगळं त्यांना ठाऊक होतं. विचारलं नव्हतं कुणी, एवढंच.

आजाराचं नाव शीहान सिंड्रोम. हॅरोल्ड शीहान यांनी १९३७ साली, बाळंतपणातल्या मोठ्या रक्तस्रावानंतर दगावलेल्या स्त्रियांची शवविच्छेदनं करून, त्यांच्या पिट्यूटरीचा पुढचा भाग मेलेला असतो हे मांडलं. गरोदरपणात दूध आणणाऱ्या पेशी वाढल्याने ही ग्रंथी फुगते, तिची रक्ताची गरज वाढते. पण तिला रक्त पुरवणाऱ्या बारीक शिरांतला दाब मुळातच कमी असतो. अशा वेळी अंगातलं रक्त एकाएकी वाहून गेलं की ग्रंथी उपाशी पडते. कितपत मेली त्यावर लक्षणं किती लवकर दिसतील ते ठरतं. दूध न येणं हे सहसा पहिलं लक्षण. बाकीची वर्षानुवर्षं हळूहळू येतात, म्हणून निदानाला दशकभर लागणं नवलाचं नाही. काश्मीर खोऱ्यात झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मुलं झालेल्या स्त्रियांपैकी साधारण ३ टक्के स्त्रियांत हा आजार असावा असा अंदाज निघाला होता. पुस्तकांत तो ‘दुर्मिळ’ म्हणून छापतात. जिथे बाळंतपणं घरी झाली आणि रस्ते पावसात तुटले, तिथे तो शब्द वापरताना मला संकोच वाटतो.

एक गोष्ट मनाला फार लागते. अक्का बाळंत झाल्या त्याच सुमारास, २००२ ते २००५ या वर्षांत, याच बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या संशोधकांनी १६२० स्त्रियांवर एक मोठी चाचणी घेतली होती. बाळंतपणानंतर लगेच मिसोप्रोस्टॉलच्या ६०० मायक्रोग्रॅम गोळ्या तोंडाने दिल्या तर रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर येतं, असा निकाल २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि त्याची दखल जगभर घेतली गेली. ती गोळी फ्रीज नसलेल्या उपकेंद्रातही टिकते, सुईशिवाय देता येते. ज्या जिल्ह्याने हा उपाय सिद्ध केला त्याच जिल्ह्यातल्या एका ओढ्यापलीकडे तो तेव्हा पोचला नव्हता.

दुसरा निर्णय : गोळीचा क्रम

त्या भेटीला सिस्टर गावात पोचल्या तेव्हा अक्का अंथरुणावर होत्या. आमचा रिपोर्ट घेऊन घरचे तालुक्याच्या डॉक्टरांकडे गेले होते. टी४ कमी दिसल्यावर कोणताही डॉक्टर जे करेल तेच त्यांनी केलं : थायरॉक्सिन २५ वरून १०० केलं. त्याला आठवडा उलटून गेला होता. दोन दिवसांपासून उलट्या, बसलं की घेरी, बोलणं अधूनमधून असंबद्ध.

पिट्यूटरी गेलेल्या माणसात फक्त थायरॉईडचाच हुकूम बंद पडत नाही, अॅड्रिनलचाही पडतो. त्यामुळे शरीरात कॉर्टिसॉल, म्हणजे अॅड्रिनलचं स्टिरॉईड हार्मोन, अगदी थोडं शिल्लक असतं. थायरॉईड मंद असते तोवर शरीर त्या थोडक्यात कसंबसं भागवतं. थायरॉक्सिन वाढवलं की सगळ्या शरीराचा वेग वाढतो, उरलंसुरलं कॉर्टिसॉलही लवकर खर्ची पडतं, आणि माणूस कोसळतो. म्हणून नियम आहे : आधी स्टिरॉईड, मग थायरॉक्सिन. उलट क्रमाने दिलेलं बरोबर औषध जीव घेऊ शकतं.

सिस्टरने फोनवर लक्षणं सांगितली आणि अक्कांना खानापूरला आणायचं ठरलं. तिथे रक्तदाब ८० वर ५०, साखर ५८. आता खरा निर्णय होता. हायड्रोकॉर्टिसोन या स्टिरॉईडचं इंजेक्शन इथेच द्यायचं, की बेळगावला नेऊन आधी नीट तपासण्या करायच्या?

कर्तव्यावरच्या तरुण डॉक्टरांची शंका रास्त होती : स्टिरॉईड एकदा दिलं की पुढची तपासणी बिघडेल, निदान कायमचं धूसर राहील. शिवाय निदान फोनवरून आणि एका सिस्टरच्या वहीतून झालेलं. दुसऱ्या बाजूला, बेळगाव पंचवीस-एक किलोमीटर असलं तरी पाऊस, गाडी, भरती, कागदपत्रं धरून किती वेळ जाईल याचा भरवसा नव्हता. मी सुचवलं ते असं : कॉर्टिसॉलसाठी एक नळी रक्त आत्ता काढून ठेवा, आणि सुई बाहेर काढायच्या आत त्याच शिरेतून १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन द्या. नळीला घाई नाही, माणसाला आहे. हे औषध शोधायलाही कुठे जावं लागत नाही. दम्याच्या आणि अॅलर्जीच्या रुग्णांसाठी ते प्रत्येक तातडीच्या ट्रेमध्ये असतं. निदान चुकीचं निघालं असतं तर एका इंजेक्शनने फारसं बिघडलं नसतं. निदान बरोबर असताना ते दिलं नसतं तर अक्का वाटेत गेल्या असत्या. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, सलाईन आणि ग्लुकोज लावलं, आणि नळीवर वेळ लिहून ती गाडीबरोबर पाठवली.

त्या नळीतलं कॉर्टिसॉल १.४ मायक्रोग्रॅम निघालं. इतक्या आजारी माणसात ते वीसच्या वर असायला हवं. यापुढे वेगळी उत्तेजन चाचणी (औषध देऊन ग्रंथी जागी होते का ते पाहायची) करायची गरजच उरली नाही.

तिसरा निर्णय : मीठ किती वेगाने वाढू द्यायचं

बेळगावात पोचल्यावर सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, ११२ आलं. नेहमीचं १३५ ते १४५. पोटॅशियम मात्र नॉर्मल, आणि त्वचा काळवंडलेली नाही, उलट फिकट. अॅड्रिनल ग्रंथीच खराब असती तर पोटॅशियम चढलं असतं आणि हाताच्या रेषा, हिरड्या काळ्या पडल्या असत्या. हे दोन साधे धागे पुन्हा पिट्यूटरीकडेच बोट दाखवत होते.

या टप्प्याविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण धोका इथे उपचार यशस्वी होण्यातच असतो. कॉर्टिसॉल नसलं की शरीर पाणी धरून ठेवतं, त्या पाण्यात सोडियम पातळ होतं. अक्कांच्या बाबतीत नैराश्याची गोळीही त्यात भर घालत होती. त्या गटातल्या गोळ्या सोडियम उतरवू शकतात. स्टिरॉईड मिळालं की काही तासांत पाण्याचा बांध फुटतो, लघवीचा लोट सुरू होतो आणि सोडियम भराभर चढायला लागतं. बघणाऱ्याला वाटतं, छान, रुग्ण सुधारतोय. पण मेंदूच्या पेशींनी इतक्या दिवसांत कमी सोडियमशी जुळवून घेतलेलं असतं. बाहेरचं मीठ एकदम वाढलं की पेशींतलं पाणी ओढलं जातं आणि मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण, विशेषतः मेंदूच्या देठातल्या पॉन्स या भागात, सुटू लागतं. रुग्ण दोन-तीन दिवस बरा दिसतो आणि मग त्याची वाचा जाते, गिळता येईनासं होतं, हातपाय हलेनासे होतात. १९५९ मध्ये पहिल्यांदा वर्णन झालेली ही इजा आपल्याच सलाईनमुळे होऊ शकते.

म्हणून चोवीस तासांत आठापेक्षा जास्त वाढू द्यायचं नाही असं ठरवलं आणि दर चार तासांनी सोडियम मोजायला सांगितलं. रक्तदाब सावरल्यावर मिठाचं सलाईन कमी केलं. पहाटे लघवी वाढली, आकडा ११९ वर आला आणि चढतच होता. तेव्हा ५ टक्के डेक्स्ट्रोज (साखरेचं सलाईन) लावून वेग मोडला, लघवी रोखणारं डेस्मोप्रेसिन हाताशी ठेवलं. मालक सारखे विचारत होते, “मीठ कमी हाय म्हणता, मग देईनासा का?” त्यांना शेजारी बसवून सांगावं लागलं की अक्कांना मीठ हवंय, पण हळू. एवढं सांगायला दहा मिनिटं लागतात, आणि ती दिली नाहीत तर नातेवाईक गुपचूप मिठाचं पाणी पाजतात. तिसऱ्या दिवशी सोडियम १२८ होतं आणि अक्का उठून बसल्या होत्या. पेज मागितली.

थायरॉक्सिन या काळात बंदच ठेवलं. या हार्मोनचं अर्धआयुष्य सुमारे सात दिवसांचं असल्याने थोडे दिवस थांबल्याने नुकसान नव्हतं. आठवड्यानंतर ५० मायक्रोग्रॅमने पुन्हा सुरू केलं.

घरी जाताना

पिट्यूटरीचा एमआरआय लगेच करायचा की नाही यावर चर्चा झाली. उपचार त्याने बदलणार नव्हते, आणि घरची परिस्थिती रताळी आणि भात पिकवणाऱ्या दोन एकरांची. पण पिट्यूटरीची गाठ असेल तर ती चुकवून चालत नाही. तब्येत सावरल्यावर, खर्चाची सोय करून तो केला. ग्रंथीची खोबण जवळजवळ रिकामी दिसली, गाठ नव्हती.

रोजच्या स्टिरॉईडसाठी दोन वाटा होत्या. हायड्रोकॉर्टिसोनची गोळी शरीरातल्या हार्मोनच्या सगळ्यात जवळची, पण दिवसातून दोन-तीनदा घ्यावी लागते आणि लहान गावातल्या औषध दुकानात नेहमी मिळत नाही. प्रेडनिसोलोन स्वस्त, कुठेही मिळणारं, सकाळी एकदाच. पण डोस जरा जास्त झाला तर हाडं आणि साखर यांना महाग. अक्का पंधरा वर्षं इस्ट्रोजेनविना राहिलेल्या, हाडं आधीच नाजूक असणार. हायड्रोकॉर्टिसोन सकाळी १० आणि दुपारी ५ मिलिग्रॅम असं ठरवलं आणि ते मिळालं नाही तर प्रेडनिसोलोनची किती गोळी घ्यायची तेही लिहून दिलं. पावसाळ्यात दुकानात औषध आलं नाही म्हणून स्टिरॉईड थांबणं, हे कोणत्याही दुष्परिणामापेक्षा वाईट.

घरी मोठी भीती ‘स्टिरॉईड’ या शब्दाचीच निघाली. शेजारच्या गावात सांधेदुखीवर कुणी पुड्या देत असे, त्यात स्टिरॉईड निघालं होतं, एका बाईचं तोंड सुजलं होतं. ते सगळ्यांना माहीत. थोरल्या दिरांनी सांगितलं, “भाऊजी म्हणून सांगतो, वहिनीस्नी तसलं घालू नका.” त्यांना एवढंच सांगितलं की जे अंगात रोज तयार व्हायला हवं आणि होत नाही, तेवढंच आपण बाहेरून देतोय. मग ते डबीवर सकाळ-दुपार अशी खूण करायला स्वतः बसले.

एक कार्ड तयार केलं. एका बाजूला मराठीत, घरच्यांसाठी : ताप आला तर गोळी दुप्पट, उलटी होऊन गोळी पडली तर इंजेक्शन आणि लगेच दवाखाना, गोळी कधीही स्वतःहून बंद करायची नाही. दुसऱ्या बाजूला कन्नडमध्ये, १०८ च्या गाडीसाठी आणि तालुक्याच्या दवाखान्यासाठी : आजाराचं नाव, हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम ताबडतोब. सीमाभागात घर एका भाषेत चालतं आणि दवाखाना दुसऱ्या. कार्डाला दोन्हीकडे बोलता यायला हवं. आशाताईंनी (गावच्या आरोग्य कार्यकर्तीने) आणि अक्कांच्या मुलाने संत्र्यावर इंजेक्शन द्यायचा सराव केला. त्याच बाळंतपणातला तो मुलगा, आता पंधरा वर्षांचा.

परिणाम

मानसोपचारतज्ज्ञांशी बोलून नैराश्याची गोळी बंद केली. सहा महिन्यांनी फ्री टी४ १.३ झालं होतं. यापुढे डोस त्यावरूनच ठरवायचा, टीएसएचवरून कधीच नाही, हे फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे, नाहीतर कुणीतरी पुन्हा कमी टीएसएच पाहून गोळी घटवणार.

दहा शब्दांपैकी आता सात आठवले. चाचणी दुसऱ्यांदा देताना थोडी ओळख झालेली असते, म्हणून या आकड्यावर मी फार भार टाकणार नाही. आमच्या मुख्य आकडेवारीतही तो घेतला नाही. घरच्यांनी सांगितलेलं मला जास्त भरवशाचं वाटतं : अक्का बचत गटाचा हिशोब पुन्हा लिहायला लागल्या. मध्ये कित्येक वर्षं त्यांनी वही दुसऱ्या बाईकडे दिली होती, बेरीज चुकते म्हणून.

सगळं परत आलं नाही. पाळी येणार नाही. इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या हाडांसाठी द्यायचं आम्ही सुचवलं. महिन्याला रक्तस्राव होणार हे ऐकून त्या आधी नको म्हणाल्या, नंतर हाडांची तपासणी पाहून तयार झाल्या. ग्रोथ हार्मोनही त्यांच्यात नाही, पण ते रोजचं महागडं इंजेक्शन आहे आणि तो विषय आम्ही पुढे रेटला नाही. उशिरा संध्याकाळी अजून थकवा येतो.

पुढच्या पावसाळ्यात घरात जुलाब-उलट्यांची साथ आली. अक्कांची गोळी पडली. मुलाने इंजेक्शन दिलं, आशाताईंनी गाडी बोलावली आणि कार्ड पुढे केलं. दवाखान्यात एक रात्र राहून त्या चालत घरी आल्या.

वेगळं काय करता येईल

पाहणीच्या फॉर्ममध्ये आता चार प्रश्न आहेत आणि ते स्त्री-कार्यकर्तीने, बाईला एकटं असताना विचारायचे असं ठरलं आहे : बाळंतपणात फार रक्त गेलं का, शुद्ध हरपली का, दूध आलं का, पाळी परतली का. ‘बाळंतपण नॉर्मल होतं का’ हा प्रश्न काढून टाकला. हे विचारायला एक पैसाही लागत नाही, आणि थायरॉईडची गोळी लिहिणाऱ्या प्रत्येक दवाखान्यात ते विचारता येतील.

रिपोर्ट देण्याची पद्धतही बदलली. टीएसएच आणि टी४ यांचा जोड विसंगत असेल तर कागद एकटा घरी जात नाही. आधी डॉक्टर फोन करतात, आणि रिपोर्टवर शिक्का असतो : ‘कॉर्टिसॉल पाहिल्याशिवाय थायरॉक्सिन वाढवू नये.’ सगळे रिपोर्ट थांबवून ठेवावेत, असंही एकाने सुचवलं होतं. ते मला पटत नाही. रक्त त्या बाईचं, माहितीही तिचीच.

पेन्सिलच्या ओळीला जागा द्यायची म्हणून प्रत्येक पानाखाली ‘सिस्टरला काय दिसलं’ असा मोकळा चौकोन ठेवला आहे. त्याची आकडेवारी करता येत नाही अशी तक्रार संख्याशास्त्र्यांनी केली. तो चौकोन राहिला आहे.

एक काम मात्र आमच्या हातात नाही. कर्नाटकात गरोदर बाईला तायी कार्ड मिळतं, त्यावर तपासण्या आणि बाळंतपण नोंदलं जातं. मोठा रक्तस्राव झालेल्या बाईला दूध आलं का आणि वर्षभरात पाळी परतली का, हे पाहण्याची जबाबदारी मात्र कुणा एकाची ठरलेली नाही. बाळाच्या लसीसाठी ती आई उपकेंद्रात पुन्हा पुन्हा येतच असते. गोवराची लस नवव्या महिन्यात असते. त्या दिवशी परिचारिकेने आईला हे दोन प्रश्न विचारावेत आणि उत्तर ‘नाही’ आलं तर सकाळी आठचं कॉर्टिसॉल आणि फ्री टी४ तपासायला पाठवावं, असा प्रस्ताव आम्ही जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे दिला आहे. तूर्त खानापूरच्या काही उपकेंद्रांतल्या परिचारिका स्वतःहून ते विचारतात.